माझ्या आवाजातला सल्ला

४ ऑगस्ट

कृषी खात्यात होतो तेव्हा रोज डायरी लिहावी लागायची. कुठल्या गावाला गेलो, काय दाखवलं, कुणाला भेटलो. तालुक्याचे साहेब महिनाअखेरीस न वाचता सही करायचे. त्या डायरीत मनातलं लिहायची सोय नव्हती. आता कुणी मागत नाही, म्हणून लिहितोय.

आज पुन्हा नोकरीला लागलो. निवृत्त होऊन, निपाणीकडचं घर बंद करून, मुलाकडे बेंगळुरूजवळ होसकोट्याला येऊन राहिलो, तेव्हा वाटलं होतं आता उरलेलं आयुष्य अभिजीतच्या फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालण्यात जाणार. तर इंदिरानगरच्या एका कंपनीनं बोलावलं. शेतकऱ्यानं एक नंबर फिरवायचा आणि मराठीतून पिकाचा सल्ला ऐकायचा, असा त्यांचा धंदा. सीमाभागातल्या मराठी गावांसाठी त्यांना आवाज हवा होता. कंपनीचा मालक यशोवर्धन, तिशीतला पोरगा, घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी येऊन इथलंच झालेलं. तो म्हणाला, "अण्णा, आम्ही तुमच्याकडच्या गावांत फिरलो. कुणाचं ऐकता विचारलं, तर सगळे एकच नाव सांगतात. देवाप्पा साहेब."

मी "असं काही नाही हो" म्हणालो. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. माझ्या जागी खात्यानं अजून माणूस दिलेला नाही. जो एक आहे त्याच्याकडे इतकी गावं आहेत, की बिचारा अनुदानाचे फोटो अपलोड करण्यातून उठतच नाही. शेतावर कोण जाणार? निदान माझा आवाज तरी जाईल.

७ ऑगस्ट

आज भांडलो आणि जिंकलो.

चंदना नावाची मुलगी आवाज भरून घेते. काचेच्या खोलीत बसवते, कानाला डबडी लावते. तिनं लिहून आणलेलं मराठी म्हणजे सरकारी परिपत्रक. "प्रति लिटर पाण्यात अमुक मिलिलिटर मिसळावे." मी म्हटलं, बाई, शेतकऱ्याच्या घरात मिलिलिटर कुठे ठेवलेलं असतं? तो औषधाच्या बाटलीचं झाकण भरतो आणि पंपात ओततो. एक झाकण, दोन झाकणं, असंच सांगायचं.

ती म्हणाली, "काका, पण झाकण म्हणजे किती?"

मी म्हटलं, ते त्याला ठाऊक असतं, तुला ठाऊक नसलं तरी चालेल. यशोवर्धनला बोलावलं. तो माझ्या बाजूनं उभा राहिला. "सरी, बरोबर, अण्णा म्हणतात तसं. हेच तर आपल्याला पाहिजे." चंदनानं सगळीकडे मिलिलिटर खोडून झाकण घातलं. तोंड एवढंसं झालं तिचं. शिकलेल्या पोरांना लोकांची भाषा शिकवायला आमच्यासारखे म्हातारेच लागतात.

घरी येऊन बायकोला, गंगव्वाला, सांगितलं. ती म्हणाली, "गावात बैठकीला तुमी झाकण हातात धरून दावायचासा. फोनात कसं दावणार?"

हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

१३ ऑगस्ट

आजचं काम चमत्कारिक. सल्ला नाही, नुसते शब्द. सरी, वाफा, खळं, आभाळ, किडं. मग आकडे. मग नावं: बाळ, विमला, कावेरी, गुंडो. शाळेत हजेरी घ्यावी तशी नावं घेतली. मग चंदना म्हणाली, "काका, आता जरा हसा. आता रागावल्यासारखं बोला. आता काळजीनं."

मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, मशीनला तुमच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. मशीनलाही सवय लागते म्हणे. असेल. काळजीनं बोलायला मला सांगावं लागत नाही. ते ऐकून तिनं काचेपलीकडून अंगठा वर केला. मुलगी तशी वाईट नाही.

२६ ऑगस्ट

या आठवड्यात ऑफिसातून बोलावणं नाही. यशोवर्धनला फोन केला तर म्हणाला, "अण्णा, तुम्ही आराम करा. भरपूर झालंय आमच्याकडे." वयाचा मान ठेवणारी माणसं आहेत. पगार मात्र वेळेवर आला.

दुपारी गुंडोचा फोन. गुंडो माझा जुना शेतकरी, निपाणीजवळच्या गावचा. सगळ्यांनी संकरित मिरची धरली तेव्हा जवारी संकेश्वरी मिरचीचं बी त्यानं एकट्यानं जपलं. मीच त्याच्या मागे लागलो होतो. आता त्या भागात त्या बियाण्याचा तेवढाच तुकडा शिल्लक आहे, त्याच्या विहिरीजवळचा. तो गेला तर ते बी पुन्हा कुठून आणायचं, मला माहीत नाही. कृषी विद्यापीठाच्या कपाटात असेल, तर असेल.

म्हणाला, "रोज तुमचं आयकतो की साहेब. काल मला नावानं हाक मारलासा, लई बरं वाटलं."

मी काल कुणालाही हाक मारलेली नाही. वय झालं त्याचं. काहीतरी भास होत असेल. मी "हो, हो" म्हटलं. जुन्या माणसाचं मन कशाला मोडा.

६ सप्टेंबर

सूनबाई मुग्धा पुण्याची, तिला सगळ्याचं कौतुक. तिच्या मोबाईलवर कंपनीची जाहिरात आली, त्यात माझा फोटो, फेटा घातलेला. मी जन्मात फेटा घातलेला नाही. "बाबा, तुम्ही तर फेमस झालात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?" मी नको म्हणालो, पण दोनदाच.

गंगव्वा मात्र भाजी निवडत म्हणाली, "कामाला लावलंय आनि बोलवत न्हाईत. ह्येला काम म्हनत्यात होय?"

मी पेपर उघडला. पण दुपारभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

१७ सप्टेंबर

आज फार वाईट दिवस.

सकाळी गुंडोचा फोन. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही.

"साहेब, मिरचीची पानं करपल्यात. विहिरीकडच्या निम्म्या सऱ्या गेल्या."

"काय मारलंस?"

"तुम्ही सांगितलासा त्येच. फुलकिड्याचं औषध. दोन झाकणं पंपाला."

"मी कधी सांगितलं?"

"ऐतवारी की. सकाळी, फोनवर. लिटरची बाटली बी तुम्हीच पाठवलासा, कंपनीच्या दुकानातनं."

ऐतवारी सकाळी मी मल्लेश्वरमला यशोवर्धनच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या आईनं, अंबुबाईंनी, आग्रह करकरून वाढलं. त्या दिवशी मी गुंडोशी बोललोच नाही. आणि बाटली? नोकरीभर मी कधी औषधाच्या कंपनीचं नाव तोंडातून काढलं नाही. ते खात्याचं पथ्य होतं आणि माझंही. मी भडकलो. म्हटलं, गुंडो, तू काहीतरी चुकीचं ऐकलंस, मापात चुकलास आणि माझ्यावर ढकलतोस.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आसंल साहेब. माजंच चुकलं आसंल. हात थरथरतोय आता."

फोन ठेवला. चूक त्याची, मी सांगितलंच नाही, हे शंभर टक्के खरं. मग जेवण का गेलं नाही, कळत नाही.

१८ सप्टेंबर

आज पहिल्यांदा तो नंबर फिरवला. इतके दिवस मला तो फिरवायचं सुचलंच नाही. आपलाच आवाज काय ऐकायचा?

मुग्धाच्या फोनवरून लावला. तिकडून मी बोललो. "नमस्कार, मी देवाप्पा. आपलं नाव?" तिनं नाव सांगितलं. मी म्हणालो, "बोला मुग्धाताई, पीक कुठलं?" ती हसायला लागली. तिनं मिरची म्हटलं, फुलकिडे म्हटलं. आणि मी, मी म्हणजे तो, सांगू लागला. पंपाला दोन झाकणं. लिटरची बाटली आपल्या दुकानातून घरपोच मिळेल, पाठवू का? मध्ये थांबून काळजीनं विचारलं, "पाऊस कसा आहे तुमच्याकडं?" तो "कसा आहे" माझाच होता. असाच विचारतो मी.

मी मुग्धाच्या हातातून फोन घेऊन ओरडलो, अरे कोण बोलतोय? तर म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

मुग्धा म्हणाली, "बाबा, हे एआय आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

सांगितलं असेल. इंग्रजीत बरंच काही सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. न कळताही मान हलवायची, ही माझी जुनी खोड. वरिष्ठांसमोर हलवायचो तशी.

झाकणाचं कोडं मग लगेच उलगडलं. मी बोलत होतो ते लहान बाटलीचं झाकण. गावात आम्ही सगळे तीच बाटली वापरायचो. कंपनी विकते लिटरची. तिचं झाकण वाटीएवढं. ते बोलणं माझं नव्हतं, पण ते माप माझंच. त्यासाठी त्या पोरीशी भांडून जिंकलो होतो मी.

१९ सप्टेंबर

इंदिरानगरला गेलो. कडूगोडीपर्यंत बस, पुढे मेट्रो. वाटभर भाषण पाठ करत होतो. यशोवर्धननं ते होऊ दिलं नाही.

"अण्णा, आधी स्वल्प कॉफी घ्या."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो लबाड नाही, हे लिहून ठेवतो. त्याचा चेहरा खरंच उतरला. चंदनाला बोलावलं. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"मंगळवारपर्यंत दुरुस्त करतो," यशोवर्धन म्हणाला. "सगळीकडे झाकण घुसलंय, काढायला वेळ लागेल."

"तोवर बंद ठेवा."

"बंद कसं ठेवणार, अण्णा? दिवसाला हजारो माणसं फोन करतात. तुमच्या खात्यात एवढी माणसं एका महिन्यात तरी भेटायची का? तुम्ही थकता, आवाज थकत नाही. एखादी चूक होते. तुमच्या हातून कधी झाली नाही?"

मी कॉफीचा पेला हातात घेतला. कारण तो म्हणतो ते खोटं नाही. गावात माणूस पाठवायला सरकार तयार नाही, आणि हा निदान काहीतरी पाठवतोय. पण माझ्या हातून चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या माणसाच्या दारात असायचो, शिव्या खायला. हे त्याला सांगायचं राहिलंच.

मग तो म्हणाला, एक खुलासा भरून द्या. औषध मापानं वापरावं, माप चुकल्यास कंपनी जबाबदार नाही, असा. मी म्हटलं, हे मी बोलणार नाही.

तो हळूच म्हणाला, "तुम्ही बोलला नाहीत तरी तो तुमच्याच आवाजात जाईल, अण्णा. मी विचारून करतोय, एवढं तरी बघा."

२० सप्टेंबर

सकाळपासून फोन. जुनी ओळख होती त्या प्रत्येकाला लावला. "नमस्कार, मी देवाप्पा" म्हणालो, की पलीकडून एकच, "मिरचीसाठी बोलू का उसासाठी?" एका बाईनं मी बोलत असतानाच घरात हाक दिली, "अगं, त्ये देवाप्पाचं मशीन लागलंय, कुनाला काय इचारायचं हाय का?" आणि फोन चुलीजवळ ठेवून दिला. भांड्यांचे आवाज ऐकत बसलो. शेवटी मीच ठेवला.

गुंडोला तीनदा लावल्यावर उचलला.

"गुंडो, मिरचीला आता काही मारू नकोस."

"सकाळी तुम्हीच म्हनालासा, दुसरी फवारनी सोमवारी मार, करपलेलं सुधारंल. ह्या खेपेला म्हनलं हात थरथरू द्यायचा न्हाई, दोन झाकनं बरोब्बर मोजून घालायची. माजंच चुकलं हुतं म्हनून तुम्हीच वरडलासा न्हवं."

पहिल्या खेपेला तो आवाज बोलला होता. दुसऱ्या खेपेची तयारी मी स्वतःच्या तोंडानं करून ठेवली होती.

मी सगळं समजावून सांगितलं. मशीन, आवाज, झाकण. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, रागावू नगासा. पन सकाळी बोललं त्ये बी तुम्हीच, आनि आता बोलतायसा त्ये बी तुम्हीच. मी कुनाचं धरू?"

गंगव्वा शेजारीच होती. तिनं माझी पिशवी काढली, त्यात धोतर-सदरा घातला, दशम्या बांधल्या. अभिजीत म्हणाला, बाबा, व्हिडिओ कॉल करा ना. ती त्याला म्हणाली, "गप बस. त्यांस्नी तोंड घेऊन जाऊ दे."

उद्याच्या बसचं तिकीट मिळालं.

२२ सप्टेंबर, गुंडोच्या सोप्यात

सकाळी उतरलो तो थेट रानात. गुंडो विहिरीपाशी पंप धुवत होता. मला बघून पंप टाकून धावत आला, पाया पडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, माझ्याही. फवारणी झाली नव्हती. मला वाटलं, वेळेवर आलो, संपलं.

तुकडा पाहिला. निम्म्या सऱ्या तपकिरी, पानं चुरगळलेल्या कागदासारखी. उरलेल्या आठ सऱ्या मात्र उत्तम, फुलं धरलेली. एवढंच बी शिल्लक. मी ती बाटली हातात घेतली, झाकण दाखवलं, लहान बाटलीचं झाकण किती असतं ते बोटांनी दाखवलं. गुंडोनं सगळं ऐकलं, मान हलवली. मग खिशातून मोबाईल काढला.

"वाईट वाटून घेऊ नगासा, साहेब. खात्री करून घेतो."

माझ्यासमोर, बांधावर उभं राहून, त्यानं नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. फोनातून मी बोलू लागलो. गुंडोनं मिरचीचं विचारलं. दोन झाकणं, मी म्हणालो. गुंडो फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाला, "हितं एक मानूस नगं म्हनतोय."

"गुंडोराव," माझा आवाज म्हणाला, मायेनं, अगदी माझ्या मायेनं, "दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवा."

गुंडो एकदा फोनकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, अरे, मी इथं उभा आहे. हात लावून बघ मला.

तो म्हणाला, "उभं हायसा, खरं हाय. पन तुम्ही गेल्यावर दोन वर्सं हितं कोन बी न्हवतं. आता ह्ये हाय. रोज सकाळी. पोरीच्या लग्नाचं सांगितलं तर त्ये बी आयकून घेतलं. तुम्ही उद्या बेंगळुराला जाणार. परवा कीड आली तर मी कुनाला इचारू?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

मग तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलायसा न्हवं. दुकानदार काय म्हनतोय, सरकार काय म्हनतंय, कुनाचंच धरू नगं. शेजारी शेजारी लाव, डोळ्यानं बघ. चार सऱ्या तुमच्या. चार सऱ्या त्येच्या."

मी विनवलं. म्हटलं, गुंडो, हे बी आहे रे, हे काही प्रात्यक्षिकाचं पीक नाही. माझ्या सऱ्यांना काही मारूच नकोस, त्याच्या सऱ्यांनाही मारू नकोस. तो ऐकेना. मी खात्यात आयुष्यभर हेच शिकवलं होतं. इतकं नीट शिकलेला शेतकरी मला दुसरा भेटला नाही. त्यानं चार सऱ्यांना वाटीएवढी दोन झाकणं मोजून, हात न थरथरू देता, मारली. चार तशाच सोडल्या. मध्ये मक्याचं ताट खुणेला रोवलं.

गंगव्वाला फोन करून सांगितलं, काही दिवस इथंच राहतो. ती "बरं" म्हणाली.

२५ सप्टेंबर

काल काही दिसलं नाही. रात्रभर कूस बदलत होतो. वाटत होतं, काही झालंच नाही तर? औषध जुनं निघालं, हवा गार पडली, पानं वाचली, तर गुंडो त्या आवाजाचंच ऐकणार आणि मी इथून तोंड लपवून जाणार. देवाला काय मागत होतो ते लिहायला हात धजत नाही. पण ही डायरी खरं लिहायला घेतली आहे. मी पानं करपावीत म्हणून मागत होतो.

आज उजाडताच रानात गेलो. गुंडो आधीच तिथं बसला होता. मक्याच्या ताटाच्या पलीकडच्या चारही सऱ्या गेल्या होत्या. कडेपासून तपकिरी, फुलं गळून मातीत पडलेली. अलीकडच्या चार हिरव्यागार.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "बघ. बघ गुंडो. मी सांगत होतो का नाही?"

गुंडो खाली पडलेली फुलं वेचून ओंजळीत गोळा करत होता. त्यांचं आता काही होणार नव्हतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही हसतायसा."